मुलीचा काका

आरमोरी, ४ नोव्हेंबर २०२४

प्रिय गुलाबास,
लच्छूभाऊचा सप्रेम जयभीम. तुझ्या गुडघ्याचे कळव.

धान कापायला आला, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. परवा मिथुन आपल्या रोशनीच्या कोरपन्याच्या खोलीवर पोचला. तिच्याजवळ जायची कोर्टाने त्या नवऱ्याला मनाई केली, तरी. ती शिवणवर्गात शिकवायला गेली होती म्हणून वाचली. त्याने दार फोडले, तिची मशीन विहिरीत टाकली.

पत्ता तिला आणि मलाच ठाऊक. कोर्टातल्या एका अर्जात मात्र मी तो लिहिला होता. चौथीत गुरुजींनी शिकवले, पत्त्याशिवाय कागद पोचत नाही. वकीलबाई म्हणते, कोणीतरी फायलीची नक्कल काढली. तू कोर्टाबाहेर तीस वर्षे अर्ज लिहिलेस, जरा चौकशी कर. हे लग्न तू जुळवलेस म्हणून रोशनी तुझ्यावर रुसली आहे. मी तिला सांगतो, काऊन रुसते, काका तो काकाच.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझा भाऊ, लच्छू

चंद्रपूर, १२ नोव्हेंबर

ती. लच्छूभाऊस,
गुलाबचा जयभीम.

लपवत नाही. नक्कल मीच काढली. रीतसर अर्ज केला, तिकीट लावले, नाते विचारले तिथे मुलीचा काका लिहिले. चोरी नाही केली. मिथुन माझ्या दारात रडला, एकदा माफी मागू द्या म्हणाला. संसार जुळेल वाटले. मशीन बुडवेल हे मले कसे कळणार? रंभा तर बायको असून माझ्याशी बोलत नाही.

पण भाऊ, तू घोर फार करतो. पानाला चुना कमी लागला तरी तुले झोप येत नाई. पोलिसांत माझे नाव घालू नको. नवी मशीन मी पाठवतो. आणि नव्या कायद्याचा मसुदा मी वाचला आहे. अशा फायली परक्यांना बंद होतील, जवळच्या नातेवाइकांना नाही. कायदाही माझ्याच बाजूने आहे.

राग विसरून माया असू दे.
गुलाब

आरमोरी, ३० नोव्हेंबर

गुलाब, जयभीम.

तुझे पत्र तीनदा वाचले. परका असता तर शिव्या दिल्या असत्या. रोशनीचे नाव तूच ठेवले होतेस. नक्कल मागताना अर्जात तेच नाव लिहिलेस.

पोलिसांत तुझे नाव दिले. मसुद्यावर लोकांच्या हरकती मागवल्या होत्या, माझीही एक लिहून पाठवली. नातेवाईक हा शब्द काढून टाका, एवढेच लिहिले. वकीलबाई वाचून म्हणाली, बाबा, यात तुम्हीही आलात, तुम्हालाही फाईल दिसणार नाही. मी म्हटले, येऊ द्या. पत्ता लिहिणारा मीच होतो.

रोशनीने गाव बदलले. कोणते, ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. परवा फोनवर तिच्या मागे मशीन चालत होती. कोणाची, तेही विचारले नाही.

रंभाला जयभीम सांग. तू मशीन पाठवू नको. पोचवायला पत्ता लागतो.

रोशनीचा बाप