शंभरातल्या तिघी

३ तारीख, सोमवार

मला विचारू नका, तुम्हीच सांगा ना — असं ओरडावंसं वाटलं डॉक्टरांवर! छातीतली कॅन्सरची गाठ ऑपरेशनने काढली, पहिल्याच टप्प्यात होती. रेडिएशन, गोळ्या ठरल्याच आहेत. वर केमो घ्यायची का, ते म्हणे मी ठरवायचं. "शंभर जणींनी घेतली तर तिघींना फायदा. त्रास मात्र सगळ्यांना. तुम्ही शिकलेल्या आहात, विचार करून सांगा."

बाहेर आमच्या नाक्यावरची इस्त्रीवाली बसली होती. माझ्याच दिवशी तिचंही ऑपरेशन, गाठही माझ्याएवढीच. तिचं काय ठरलं? "ठरायचंय काय? बारा तारखेपासून केमो म्हणाले. आपण मान हलवायची."

किती सुटसुटीत! जळफळाट झाला माझा.

४ तारीख

घरातला प्रत्येक कागद मी वाचायचा आणि बाबांनी "बघ बाई तूच" म्हणायचं, हा मी पदवी घेतल्यापासूनचा रिवाज. आजही तेच. रंगकामावरून आले होते, हाताचा रंग पुसत म्हणाले, "आम्ही अंगठेबहाद्दर, आम्हाला काय कळतंय?" आई म्हणाली, "तू म्हणशील ते."

माझं शरीर, माझा निर्णय — या विषयावर कॉलेजात भाषण ठोकून कप जिंकला होता मी! आज त्या कपाकडे पाठ करून बसले.

६ तारीख

काही ठरलं नाही.

७ तारीख

ड्रेसिंगला इस्त्रीवाली भेटली. "केस गेले तर टकलावरून इस्त्री फिरवीन, एक सुरकुती ठेवणार नाही!" हसत होती. हिला काय, हिचं ओझं डॉक्टरांच्या डोक्यावर. न राहवून म्हणाले, "ताई, नशीबवान आहात."

तिने फाईल पुढे केली. "वाच बरं पोरी. सही कशावर घेतली ते तरी कळू दे."

वाचलं. तेच आकडे. शंभरात तीन. 'रुग्णाशी बोलून ठरवावे.' खाली पेनाने — 'समजावले. रुग्ण तयार.'

आणि मी म्हणाले, "सगळं ठीक आहे." फाईल मिटली.

खरं लिहायचं तर — ती घेणार म्हणून मीही घेणार होते. तिच्यामागोमाग, डोळे मिटून. तिला कळलं असतं तर मी कुणाच्या मागे जाणार होते?

१० तारीख

तिच्या टपरीवर गेले. सांगितलं, एकेका ओळीवर बोट ठेवून. चुकलं माझं, हेही सांगितलं. तिने इस्त्री उभी केली. मग, "म्हणजे मला विचारायचं होतं!"

दुकान तसंच टाकून दवाखान्याकडे निघाली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

१२ तारीख

ती 'नको' म्हणाली. ते ऐकूनही मी 'हो' म्हटलं. डाव्या हातात सुई आहे, उजव्याने लिहितेय.