मयत खेळाडू क्वाबेना ओडुरो यास सोडपत्र मिळणेबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
खेळाडू नोंदणी विभाग, महानगर फुटबॉल मंडळ,
कलकत्ता.

विषय : उत्तरायणी क्लबचा परदेशी खेळाडू क्वाबेना ओडुरो याचे नाव नोंदवहीतून कमी करून त्यास सोडपत्र देणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, ‘सोडपत्रासाठी खेळाडूने स्वतः हजर राहून सही करावी.’

महोदय,

१. माझी मधली मुलगी कनकलता हिचे लग्न ज्या वर्षी जाजपूरला झाले, त्या वर्षीची ही हकीकत आहे. मी उत्तरायणी क्लबचा माळी. गवत कापणे, चुन्याने रेघा मारणे, जाळ्या बांधणे ही माझी कामे. लग्न आटोपून मी मैदानावरच्या क्लबच्या तंबूत परतलो आणि पाठोपाठ बंगाली वैशाखाचा पहिला दिवस, म्हणजे गोलच्या दांडीची बारपूजा आली.

२. ओडुरो घाना देशातील कुमासी गावचा. पहिले दोन हंगाम तो डाव्या रेघेवरून धावू लागला की गॅलरीतली माणसे शेंगदाणे चावायची थांबत. तिसऱ्या हंगामात त्याचा उजवा गुडघा गेला. तेव्हापासून क्लब त्याला खेळवीना आणि सोडीना. गोव्याचा एक क्लब त्याला तसाही घ्यायला तयार होता, पण सोडपत्राशिवाय जाता येत नव्हते.

३. बारपूजेच्या सकाळी सचिवांनी त्याला बंगालीत छापलेला एक कागद दिला. तो घेऊन ओडुरो माझ्याकडे आला, कारण मी रोज दुपारी वर्तमानपत्र उघडून बसत असे. मी फक्त चित्रे बघतो हे त्याला ठाऊक नव्हते. म्हणाला, “कुलमणीदा, हे लोक माझ्याशी फार गोड बोलतायत. तू वाचून सांग, खरं काय ते.” चार खेळाडू ऐकत उभे होते. नुकतीच मुलगी उजवलेला माणूस मी, अक्षर येत नाही म्हणायची लाज वाटली. कागदावरून बोट फिरवून म्हणालो, “सुटलास रे. जा आता गोव्याला, मासे खा.” त्याने मला उचलून घेतले आणि सही केली. साक्षीदार म्हणून मी माझे नाव लिहिले. तेवढे मला चित्र काढल्यासारखे काढता येत होते.

४. तो कागद आणखी तीन वर्षे क्लबशी बांधून घेण्याचा होता. कळले त्या दिवशी ओडुरो एवढेच म्हणाला, “तू वाचलं होतंस ना?” मी जाळीची गाठ आवळत राहिलो. त्याने पुन्हा कधी विचारले नाही. माझ्या शेजारी बसून मुरमुरे खात राहिला. पुढे तो गावोगावच्या सामन्यांत एकेका दिवसाच्या बोलीवर खेळू लागला. नदिया जिल्ह्यातल्या अशाच एका सामन्यातून तो ताप घेऊन आला.

५. सोडपत्र नसल्यामुळे त्याचे नाव मात्र आपल्या नोंदवहीत राहिले. आमच्या क्लबात बारपूजेला गोलची आडवी दांडी उतरवून सिंदूर लावतात, आणि आपल्या वहीप्रमाणे एकेक नाव पुकारतात. ज्याचे नाव त्याने येऊन दांडीला हात लावायचा. तो गेल्यानंतरच्या वैशाखात कारकुनाने सवयीने पुकारले, “ओडुरो, क्वाबेना.” मागून कोणी म्हणाले, “बस चुकली वाटतं साहेबांची.” सगळे हसले. नंतर मी दांडी उचलायला गेलो, तर ओल्या सिंदुरात एक पंजा उमटलेला होता, माझ्या पंजाहून बोटभर मोठा. त्यानंतर दरवर्षी नाव पुकारले जाते, आणि दरवर्षी पंजा उमटतो. बारा वर्षे झाली.

६. मी दुपारी रेघा मारतो. पाचच्या सुमारास डाव्या रेघेचा चुना तुडवला जातो. डाव्या पायाचा ठसा खोल, उजव्याचा हलका. तो भाग मी पुन्हा मारतो, तो पुन्हा मोडतो. गेल्या हंगामात मणिपूरच्या इबोम्चाने, आमच्या डाव्या बॅकने, मला बाजूला घेऊन विचारले, “काका, इथून माझ्यामागे कोण धावतं? मानेला श्वास लागतो.” मी म्हणालो, “वारा असेल.” ही माझी दुसरी खोटी साक्ष.

७. एकसष्टाव्या वर्षी मी साक्षरता वर्गात बसलो. बाराखडी संपल्यावर पहिला तो कागद वाचला, त्याची प्रत मी पेटीत ठेवली होती. वाचायला तीन दिवस लागले. मग रेघेपाशी उभे राहून मोठ्याने वाचला आणि म्हणालो, “हे असं होतं. मला येत नव्हतं.” त्या संध्याकाळीही चुना मोडला. म्हणजे माझ्या कबुलीने भागत नाही, कार्यालयाचा कागदच लागतो.

८. आपले कारकून म्हणाले, “काका, आधी खेळाडूला आणा, मग बघू.” महोदय, खेळाडू हजर आहे. आपण कोणत्याही दिवशी पाच वाजता डाव्या रेघेपाशी यावे व शाईचा पॅड सोबत आणावा. येणे जमत नसेल तर त्याच्या जागी माझी सही घ्यावी आणि खोट्या साक्षीबद्दल जी शिक्षा असेल ती मला द्यावी. येत्या आषाढात मी निवृत्त होतो. नंतर येणारा माणूस रेघ कोणामुळे मोडते हे जाणणार नाही.

९. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावे ते खाली दिले आहे, म्हणजे कार्यालयास तोशीस पडणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
कुलमणी बेहेरा
माळी, उत्तरायणी क्लब
दिनांक २ मे २०११

सोबत : १) कराराची प्रत. २) इस्पितळाचा दाखला. ३) शेऱ्याचा मजकूर, माझ्या अक्षरात :

‘क्वाबेना ओडुरो, राहणार कुमासी, यास उत्तरायणी क्लबातून सोडले आहे. तो दिनांक ९ सप्टेंबर १९९९ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, कलकत्त्यात तापाने वारला.’