सोळावी खुर्ची

१२ जानेवारी
अंधेरी, स्टुडिओ. आमच्या बँडच्या 'मिठागर' अल्बमची दुसरी डिस्क, शेवटचं गाणं. चोवीस मिनिटं. मी त्यात सोळा व्हायोलिनांचे पार्ट लिहिले आहेत. वाजवणारे एकटे बाबा. एक माइक, सोळा खुर्च्या. प्रत्येक टेकला खुर्ची बदलतात. एकाच जागी बसून सोळा वेळा वाजवलं तर सोळा माणसं होत नाहीत, म्हणाले.
आज तीन झाल्या. केतन ड्रम्स सोडून रेकॉर्डिंगच्या टेबलावर. "काका, चहा तिघांचा सांगू की एकाचा?"
"तिघांचो सांग. पितलंय मी एकटोच."

१५ जानेवारी
ते काय करतायत ते आज कळलं. पाचवी खुर्ची लोबोंची: केसभर आधी येतात. सहावी कामतांची: लांब सुरावर हात थरथरतो. पूर्वी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बाबांच्या शेजारी बसायचे ते सगळे. आता एकेकाच्या खुर्चीत बसून बाबा त्याच्यासारखं वाजवतात. बहुतेक जण वारले आहेत. "आता मिस्त्री," बाबा एवढंच म्हणतात आणि खुर्ची ओढतात.
"आणि तुमची?"
"माझी शेवटाक. आधी दुसऱ्यांका बसांदेत."

२१ जानेवारी
पंधरा झाल्या. सोळावी आजच करू म्हणाले होते. दमलेले दिसले. उद्या करू, मी म्हटलं.

२२ जानेवारी
मुलुंड. सकाळी सव्वासहा. बाबांच्या हातातून दाढीचा मग पडला. तोंडाची डावी बाजू उतरली होती. रिक्षा. हॉस्पिटल.
फॉर्मवर 'व्यवसाय' होतं. निवृत्त लिहिलं. मग खोडून वादक लिहिलं. काउंटरवरची बाई म्हणाली, खाडाखोड चालत नाही, नवा फॉर्म घ्या. नव्यावर निवृत्त.

२५ जानेवारी
बोलतात. जीभ जड. उजवा हात ठीक. डावा चादरीवर पडून. डॉक्टरनी बोट हातात देऊन दाबायला सांगितलं. "दाबतंय," बाबा म्हणाले. दाबत नव्हते.
कँटीनमध्ये इडली खाल्ली. दोन प्लेट.

२ फेब्रुवारी
केतनने लोबोंची कॉपी सोळाव्या जागी टाकून पाहिली. दोन लोबो झाले नाहीत. एकच लोबो, जास्त मोठ्याने. ती कॉपी जरा मागे सरकवली. तेच लोबो, उशिरा आलेले.
"यार, पंधरा नि सोळा, कोणाला कळणार आहे?"
डोळे मिटून आलटूनपालटून दहा वेळा ऐकलं. मलाही कळत नाही. खरं तेच आहे.
पण त्या पंधरात बाबा कुठेच नाहीत.

९ फेब्रुवारी
बाबा घरी. फिजिओ म्हणतो, बोटं हलायला लागलीत, जोर नाही.
उपाय काढला. शेवटच्या भागातले चार सूर घेतले, व्हायोलिनच्या चार तारा त्या सुरांना लावल्या. डाव्या हाताने तारा दाबायलाच नकोत. उजव्याने बो ओढला की झालं. सोळावा पार्ट त्या चार सुरांत पुन्हा लिहिला. पहाटेपासून मी त्यावर बसले होते. बरं जमलंय असं वाटलं.
बाबांनी कागद पाहिला. "ह्यो कोणाचो?"
"तुमचा."
"माझो न्हय. माझो मोठो होतो."
मग व्हायोलिन गुडघ्यांत धरून उजव्या हाताने एकेक खुंटी फिरवत तारा पुन्हा जागेवर आणल्या. पाऊण तास लागला. मी समोर बसून होते. मदत करायला हवी होती की…

१६ फेब्रुवारी
केतनचा फोन. बँडमधले बाकीचे तिघे पंधरावर थांबायला तयार आहेत. मास्टरिंगच्या शेवटच्या कामाला चोवीस तारखेला द्यायचंय, आता पुढे ढकलता येणार नाही. "दोन वर्षं झाली गं. काकांसाठी थांबलो असतो, पण किती?"
त्याचं बरोबर आहे. तसं सांगितलं.

२२ फेब्रुवारी
दुपारी पेज भरवत होते. बाबांनी चमचा बाजूला केला.
"उद्या खुर्ची ठेव."
"कुठला पार्ट?"
"पयलो."

२३ फेब्रुवारी
बाबांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. टॅक्सी. पवईला अर्धा तास अडकलो. बाबा खिडकीकडे.
सोळावी खुर्ची भिंतीकडची. स्टँडवर जुना पार्ट. सुरुवातीला चाळीस बार, म्हणजे चाळीस आवर्तनं, विश्रांती. नुसतं बसून मोजायचं, मग सूर लावायचा. खांद्यावर टॉवेल ठेवला. डावा हात मी उचलून व्हायोलिनच्या मानेवर ठेवला. बोटं एकेक करून वाकवली.
"आता भायर जा."
"का?"
"रेकॉर्डिंगाक घरची माणसां आत नसतत."
जिन्यात बसले. दार जाड आहे, काही ऐकू येत नाही. पाण्याचे कॅन घेऊन एक माणूस वर आला. "ताई, जरा सरका." सरकले. तो खाली गेला तेव्हा परत सरकले.
चोवीस मिनिटांनी केतन बाहेर आला. "एकच टेक दिला. दुसरा नको म्हणाले."
"कसा आहे?"
"चाळीस बार बरोबर मोजले. ओठ हलत होते. पुढचं तू ऐक." चप्पल घालायला वाकला. त्याला कुठे जायचं नव्हतं.
परतताना टॅक्सीत बाबांनी विचारलं, "मोजणी बरोबर इली मां?"
"हो."
"लोबो आधीच इलो असतो." हसले. उजव्या बाजूने.
आता झोपलेत. शर्ट काढू दिला नाही.
फाइल लॅपटॉपवर आहे. ऐकलेली नाही. उद्या अकरापर्यंत केतनला कळवायचंय, पंधरा की सोळा.