दमणच्या घरावर बारा पोती माती

११ मार्च १९५३

मळा गेला! आज शहाद्याला जाऊन सही करून आले. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. माझ्या बापाला तिथली विहीर खणायला तीन उन्हाळे लागले होते.

कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "राजीखुशीने देता ना, बाई?" मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी सांगून टाकलं — "हो साहेब, राजीखुशीनं." मग मला विचारलं कशाला? भिंतीला विचारायचं!

बापूंना मुलगा नव्हता. जायच्या आधी मळा विहिरीसकट माझ्या नावावर करून गेले. जावयाच्या नाही, माझ्या. ते ह्यांना तेव्हापासून टोचत होतं. आता ती टोचणी संपली. घेणारा शहाद्याचा किशनलालशेट. आणि हे सगळं कशासाठी? तर दमणला घर घ्यायचं! पोर्तुगीजांच्या राज्यात! चार खोल्या भाड्याने द्यायच्या आणि इथे बसून खायचं.

ह्यांचं डोकं कूळकायद्याने फिरलंय. "मळा उद्या कूळ लई जाई. दमणना घरले कोन हात लावस? तठे आपला कायदा पोचत नही." अहो, माझ्या मळ्यात कूळ कुठे होतं? मी होते, सालदार गडी होता, दोन बैल होते. बैलांनी दावा लावला असता का?

प्रेमचंद! — लिहिलं नवऱ्याचं नाव. घ्या. वहीत कोण बघतंय?

१३ मार्च

किशनलालशेट घरी येऊन गेले. गोड बोलतात. "भाभी, मळा तुमचाच समजा. भाडं यायला लागलं की केव्हाही परत मागा. माझी जबान आहे." हे लगेच माझ्याकडे बघून हसले, जसं काही त्यांनीच जिंकलं. दोन वर्षांत मळा परत, असं ह्यांनी देवासमोर म्हटलंय. लिहून ठेवते. दोन वर्षं.

४ एप्रिल

हे दमणहून आले. छाती फुगलेली. नानी दमणमध्ये, समुद्राजवळ, ओळीने चार खोल्या, मागे आड. एका खोलीत भिकुबाई म्हणून कोणी विधवा आधीपासून राहते, सुकी मासळी विकते. तिला तशीच ठेवली, बाकी तीन खोल्यांना माणसं मिळतीलच म्हणे.

गावात सगळ्यांना सांगत सुटलेत — परदेशात घर, परदेशात घर! वापीला गाडीतून उतरून टांग्यात बसलं की परदेश. ह्याच्यापेक्षा धडगावला जायला जास्त हाल होतात.

जेवताना हसत सांगत होते, "तठला कारकून भी येडा शे. म्हने, बायकोनं नाव सांग, ते बी लिखनं पडस. लिखी दिनं तुन्हं नाव — जसोदाबाई. काय फरक पडस?"

हो ना. काय फरक पडतो! माझं नाव लिहिलेली जागा विकून टाकायची आणि जी कधी बघणार नाही तिच्यावर माझं नाव लिहायचं.

२२ एप्रिल

आज काय झालं ते लिहिल्याशिवाय मला भाकरी गोड लागायची नाही.

दमणच्या घराला कौलं आहेत. ह्यांना कौलं चालत नाहीत! "धाबानं घर म्हनजे घर. कौलं गरीबना घरवर ऱ्हातस." म्हणून ती उतरवून वर आपल्यासारखं मातीचं धाबं घालायचं. लाकूड तिथे मिळेल. पण वरची खारी माती? ती तिथे चांगली नसणार. म्हणून ती इथून न्यायची! बारा पोती! आगगाडीने! मातीचं तिकीट काढणार हा माणूस!

आणि ती खारी खणायला कुठे गेले? माझ्या मळ्याच्या नाल्याकडच्या टोकाला. पांढरट, बारीक खड्यांची माती. तिथे काही पिकत नाही. बापू म्हणायचे, "हाई जागा पिकत नही, पन गावना डोकावर बससे." सगळं गाव पावसाळ्याआधी तिथूनच खारी न्यायचं आणि बापू कोणाला नाही म्हणत नसत. आज किशनलालची परवानगी घेऊन माझ्या बापाची माती माझ्या नवऱ्याने पोत्यात भरली. मी बांधावर उभी राहून पोती मोजली. दुसरं काय करणार होते?

मी एवढंच म्हटलं की समुद्राकाठी पाऊस आपल्यासारखा थोडकाच पडत असेल? तर म्हणाले, "पाऊस म्हनजे पाऊस. तठे काय दूध पडस?"

१७ मे

आखाजी झाली. पोरी माहेरी आल्या, झोक्यावर गाणी म्हणाल्या. माझं माहेर म्हणजे तो मळाच होता. ह्या वर्षी कुठेच गेले नाही.

९ ऑगस्ट

कोसळलं! दमणहून पत्र आलं. चारपैकी तीन खोल्यांचं धाबं खाली आलं. खोल्या रिकाम्या होत्या, देवाचीच कृपा. भिकुबाईची तेवढी उभी आहे. तिने वर काहीतरी पसरलं होतं म्हणे.

मी दिवसभर एक शब्द बोलले नाही. न बोलण्याइतका त्रास कशाचाच होत नाही ह्यांना, ते मला ठाऊक आहे. संध्याकाळी म्हणाले, "दिवाईनंतर जाईसन नीट करसू." नीट करणार! काय घेऊन जाणार? आणखी पोती?

१२ ऑगस्ट १९५४

दिवाळीनंतर गेले नाहीत. ह्यांच्या वाटणीच्या शेतात कापूस होता. मग उन्हाळ्यात गेले नाहीत. ताप होता. आणि आता तिकडे दादरा-नगरहवेलीत गडबड झालीय, दमणला जायचं तर परवाना काढा, मुंबईला चकरा मारा. भिकुबाईचं भाडं यायचं ते बंद झालं. एकदा भाड्याबरोबर टोपलीभर सुके बोंबील पाठवले होते तिने. आमच्या घरात! कांद्याचासुद्धा सासूबाईंना वास चालत नसे! ओसरी तीनदा सारवली.

पण खरं सांगायचं तर त्या टोपलीनंतर काहीच आलं नाही.

१३ मार्च १९५५

दोन वर्षं झाली. देवासमोर म्हटलं होतं.

६ नोव्हेंबर १९५७

म्हसावदला जाताना मळ्यावरून गेले. किशनलालने केळी लावलीत. उभी, हिरवीगार, माझ्या विहिरीच्या पाण्यावर. मोटेच्या जागी इंजिन बसवलंय. बापूंनी लावलेला लिंब तोडलाय — सावली पडते म्हणे केळीवर! बाई, त्या लिंबाखाली माझा बाप जेवायचा!

घरी येऊन ह्यांना म्हटलं, मागा ना परत, जबान दिलीय त्याने. म्हणाले, "कसावर मागू? भाडं कोठे शे?" मग मी त्या भिकुबाईला शिव्या घातल्या. फुकट राहते माझ्या घरात, माझ्या बापाच्या मातीखाली! मासळीबाजारातली बाई मजेत आणि मी इथे बांधावरून बघायचं! असं खूप बोलले. सून ऐकत होती. ऐकू दे.

२ जून १९५९

आज आमच्या घराच्या धाब्यावर खारी टाकली. दुसऱ्या नाल्याची. चांगली बसत नाही.

२० डिसेंबर १९६१

दमण घेतलं! आपल्या फौजेने! पंचायतीच्या रेडिओवर सांगितलं. गावात पेढे. हे सगळ्यांना सांगत होते, "मन्हं घर सुटनं!" जसं काही फौज ह्यांच्या चार खोल्यांसाठीच गेली होती.

मला हसू आलं, मग संताप आला. ज्या कायद्याला भिऊन माझा मळा विकला, तो कायदा आपण होऊन दमणला पोचला की!

१९ जानेवारी १९६२

किशनलालशेट आले. केस पांढरे झालेत, गोडवा तसाच. म्हणे दमणचं घर मला द्या, मळा परत घ्या. सरळ अदलाबदल. त्यांना तिथे लॉज काढायचं आहे. सुरतेकडची माणसं आता दमणला कशाला जातील ते सांगायला नको, आपल्याकडे दारूबंदी आहे.

मी आतूनच सांगितलं — मळा माझ्या नावावर झाला पाहिजे. ह्यांच्या नाही. शेट म्हणाले, "जरूर, भाभी. तुमची सही तर लागणारच. दमणच्या कागदावर अर्धी मालकीण तुम्ही आहात. वकिलाने वाचून सांगितलं." ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं! त्या येड्या कारकुनाचं भलं होवो!

एकच अट. घर मोकळं करून द्यायचं. पावसाळ्याच्या आधी.

२१ जानेवारी

मळा परत! झोपेतसुद्धा विहिरीवर होते. पण मी सांगितलंय, सही करण्याआधी ते घर मी डोळ्यांनी बघणार. नऊ वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली ते बघू तरी द्या. हे म्हणाले, "चाल. त्या बाईले बी तूच सांग खाली कर म्हनीसन. बाईमानूसले बाईमानूसनं सांगेल बरं."

सांगेन की. मला काय भीती आहे?

११ फेब्रुवारी, दमण

तीन खोल्यांच्या नुसत्या भिंती. आत एरंड माजलाय. चौथी खोली उभी.

भिकुबाई माझ्याहून वयाने मोठी. काळी, सुकलेली, हात खडबडीत. मला बघून ओळखलंच तिने. "आवो बेन, घर तमारूंज छे." सासूबाई त्यांच्या माहेरच्या गुजरातीत बोलायच्या तसंच काहीसं बोलते, सगळं समजतं. खाट झटकली, पाणी भरून ठेवलं. स्वतः पुढे केलं नाही, म्हणाली, तुम्हाला माझ्या हातचं चालत नसेल, आड तिकडे आहे. त्या बोंबलांचं तिला कोणीतरी सांगितलेलं दिसतं. मी तिच्याच हातचं प्याले.

मग म्हणाली, वर बघा. शिडी लावली. मी चढले, ह्या वयात! धाब्यावर होडीचं जुनं शीड पसरलेलं, कडेला दगड. तिने ते उचललं. खाली माझी खारी! तीच पांढरट, बारीक खड्यांची. पडलेल्या तीन खोल्यांतली माती तिने वाया जाऊ दिली नव्हती. चाळून ठेवलीय, दर वर्षी थोडी थोडी वर टाकते, शीड शिवते, पसरते. हे तिला कोणी शिकवलं? कोणीच नाही. कोसळलेलं बघून तिचं तिनेच ओळखलं की वरचं पाणी अडवलं की ही माती टिकते. "तमारा गामनी माटी सारी छे, बेन. उनाळामां ठंडक आपे."

बापूंचा मळा, त्यातली एवढीच माती उरलीय, आणि ती हिने सांभाळली.

खाली उतरल्यावर तिने सरळ विचारलं, "खाली कराववा आव्यां छो?" मी म्हटलं, नाही. बघायला आले.

हे बाहेर टांग्यापाशी उभे होते. "सांगं का?" म्हणाले. मी टांग्यात जाऊन बसले.

१४ फेब्रुवारी

राग राग राग! कोणावर करू? नऊ वर्षं तिला शिव्या घातल्या आणि तिने राग धरायलाही जागा ठेवली नाही. माझं तिच्यावाचून काय अडलं होतं? बरं चाललं होतं माझं! मळा हाताशी आलाय. इंजिन, विहीर, सगळं. एक सही.

आणि ती कुठे जाईल? मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

१ मार्च

किशनलालशेट कागद घेऊन ओसरीवर आले. वकील पण होता. हे पेन उघडून माझ्यासमोर उभे — अगदी तेव्हासारखे!

मी म्हटलं, अर्धं घर माझं आहे ना? माझं अर्धं म्हणजे भिकुबाई राहते ती खोली आणि आड. ती जिवंत आहे तोवर त्याला हात लागणार नाही. बाकीचं घ्या.

शेट हसले. "भाभी, मधेच मासळीवाली ठेवून लॉज कसं चालेल?" मी म्हटलं, मग नका चालवू. त्यांचं हसू गेलं. कागद गुंडाळला. "मग मळ्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. यंदा तिथे ऊस लावतो." म्हणजे जबान वगैरे काही नव्हतंच कधी. बरं झालं, तेही कळलं.

ते गेल्यावर हे ओरडले. "तुन्ही मती फिरनी का? नऊ वरीस मन्हं डोकं खादं मळा मळा करीसन! आते हातमा ऊना तं लाथ मारी! एक कोळीनसाठे!" सगळं खरं होतं. मी म्हटलं, पावसाळ्याआधी खारीची दोन पोती दमणला पाठवायची आहेत, किशनलालच्या बांधावरून तुम्हीच मागून आणा.

दुपारी आत जाऊन खूप रडले. लिंब आठवला.

४ मार्च

मळा गेला. ह्या खेपेला राजीखुशीने.