पहिल्या नंबराचं दूध

आबा, तुम्ही न पाहिलेल्या तुमच्या नातीच्या शाळेत आता दर शनिवारी चाचणी असते. ते कळलं आणि मला पहिली आठवली ती गवंड्याची पोर. चौथीत तुम्हीच आमचे मास्तर. शनिवारी चाचणी, लगेच तपासणी, आणि ज्याचा पहिला नंबर येईल त्याला संध्याकाळी तुम्ही सायकलवर बसवून उचगावहून कोल्हापुरात दुधाच्या कट्ट्यावर नेणार, डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून भरलेला फेसाळ पेला हातात देणार. नंबर कायम तिचाच. मी दारात उभी आहे, ती मागं बसून पाय हलवतेय. पेला तिचा, सायकल तिची, तुम्हीही तिचेच. परत आली की ती ओठांवरचा फेस मुद्दाम पुसत नाही, असं मला वाटायचं.

एकदा माझा एका गणितानं दुसरा नंबर आला. "आबा, मलाबी न्या की," म्हटलं, तर चाकातली हवा बघत तुम्ही म्हणालात, "पयला नंबर आण, नेतो. मास्तरची पोर म्हणून नेलं तर वर्ग काय म्हणंल?" तुमचं खरंच होतं. चाचण्या नसत्या तर ती हुशार आहे हे तिच्या घरातही कळलं नसतं. आज ती इंजिनिअर आहे. फायदा मलाही झाला. बँकेच्या परीक्षेत शेजारच्यांना घाम फुटला होता, मी निवांत. पण अजून दुसऱ्या कुणाचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं, हेही त्याच शनिवारांचं देणं. तुमच्या दिवसांना ती माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली, तेसुद्धा मला बघवलं नाही.

परवा लेक चाचणीचा पेपर घेऊन आली. पहिल्या दहातही नव्हती. तोंड एवढंसं झालेलं. मी तिला गाडीवर बसवलं आणि कट्ट्यावर नेलं. पेला हातात देताच म्हणाली, "आई, माझा कुठं नंबर आलाय?"

"नसला म्हणून काय झालं? पी गप."

ती घटाघटा प्यायली आणि ओठांवर फेस घेऊन हसली.

मी बरोबर केलं, हे मला कळतं. पण ते हसू बघताना पोटात तेच जुनं दुखलं, आबा. स्वतःच्या लेकीवर जळले मी. दूधवाल्यानं माझ्यापुढंही पेला धरला होता. नको म्हटलं. मला तो अजून तुमच्याच हातून हवाय.