अव्वाला एक प्रश्न

लीड्स, १० नोव्हेंबर १९७४

तीर्थरूप अव्वास, पायांवर डोकं ठेवून सोमलिंगचा शरणार्थ. निंगव्वा, हे पत्र अव्वाला सावकाश वाचून दाखव.

मी बरा आहे. थंडी आहे, पण तू दिलेली घोंगडी पुरते. ज्वारीचं पीठ मात्र इथं कुठंच मिळत नाही. तुझा गुडघा कसा आहे? दुकानात फार वेळ उभी राहू नकोस.

मडिवाळप्पाकाका विचारतात, समाजशास्त्र शिकून काय होणार? खरं सांगू, पहिला महिनाभर मलाही तेच वाटत होतं.

परवा वर्गात सर म्हणाले, हिंदुस्थानात घरातले निर्णय पुरुषच घेतात. सगळे लिहून घेत होते. मी उठलो. म्हटलं, "आमचे वडील गेल्यावर शुक्रवार पेठेतलं भुसार दुकान आईनं चालवलं. माझ्या बहिणीला, निंगव्वाला, बघायला आलेले म्हणाले, पोरीची शाळा बंद करा. आई म्हणाली, 'मग दुसरी पोरगी बघा की!'"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "हे आमच्या पुस्तकात नाही. आईला विचारून तूच लिही."

म्हणून काल प्रश्न काढायला बसलो, आणि लक्षात आलं, तुझ्याबद्दल मी तुला आजवर काहीच विचारलेलं नाही. अव्वा, तुला स्वतःला शाळेत जायचं होतं का?

निंगव्वा, ती बोलेल तसंच लिही. एकही शब्द सुधारू नकोस.

काकांना शरणार्थ.

तुझा,
सोमलिंग