निळ्या कव्हरातला सरदार

नाते, ५ ऑगस्ट २०२४

प्रिय शर्मिलाताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर सासूबाईंच्या कानावर जाईल म्हणून पत्र. ताई, भलतंच झालं गो! तू दिलेल्या कादंबरीला मी विहारातल्या ग्रंथासारखंच निळं कव्हर घातलं होतं, घरात कुणी हटकू नये म्हणून. काल विहारात वर्षावासाच्या, पावसाळाभर चालणाऱ्या वाचनाला ग्रंथ समजून तीच घेऊन गेले. त्रिशरण झालं, खुणेचं पान उघडलं आणि तोंडातून निघालं, सरदाराने तिची हनुवटी हलकेच वर उचलली. बायका फिसकन हसल्या. मामंजी उठून गेले.

सुनेला वाचायला बसवायचं म्हणून सगळ्या वाडीशी भांडले होते ते. आता म्हणतात, उद्यापासून अश्वजित वाचेल. माझा दीर अडखळत वाचतो, पण ते जाऊ दे. ज्या वाड्यांच्या सावलीलाही आपल्या माणसांना उभं करत नव्हते, तिथे मी मनातल्या मनात शालू नेसून बसते. याचं काय करू? फार लाज वाटते.

माया पातळ करू नकोस.
तुझी आम्रपाली

पोलादपूर, ९ ऑगस्ट

चि. आम्रपालीस अनेक आशीर्वाद.

हनुवटीवरच थांबलीस हे नशीब, पुढचं पान मला पाठ आहे! अगं, दिवसभर कचेरीत लोकांची बोलणी खाल्ल्यावर घटकाभर कुणी आपल्यासाठी घोडा दौडवत यावा असं वाटलं, तर काय बिघडलं? पुस्तक ताईचं, चुकून पिशवीत आलं, असं सांग. माझ्यावर ढकल. वाचन मात्र सोडू नकोस, काळजी लागली आहे.

भाच्यांना गोड पापा.
तुझी ताई

नाते, १६ ऑगस्ट

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम.

तुझ्यावर नाही ढकललं. मामंजींना खरं ते सांगितलं. ते म्हणाले की वाचायला ना नाय, पण त्यात आपलं कुणी हाय का ते बघ आणि मला सांग.

पुस्तक धुंडाळत गेले. एका ओळीत सापडला. सरदाराचा घोडा येतो तेव्हा एक झाडूवाला रस्ता सोडून खाली उतरतो. मामंजींनी त्याचं नाव विचारलं. नाव दिलेलं नाही, म्हटलं. तेव्हा म्हणाले की बिननावाचा माणूस तुला दिसला, सोमवारपासून तूच वाच.

आनंद व्हायला हवा होता. पण आता पुस्तक उघडलं की घोड्याच्या टापा वाजतात आणि मी रस्ता सोडून खाली उतरते. कादंबरी परत पाठवते आहे. शेवटची पानं माझ्याच्याने वाचवली नाहीत. तेवढं कळव मात्र, तो परत येतो का तिच्यासाठी?

आहे तशीच मला जवळ असू दे.
तुझी आम्रपाली